३०० ते १५०० रँकिंगमधलं टेनिस करिअर कसं चालवायचं: पहिल्या पॉइंटपासून हिशोबाच्या वहीपर्यंत

एम१५ म्हणजे मुलांच्या व्यावसायिक टेनिसमधली सगळ्यात खालची टूर्नामेंट. तिच्या मेन ड्रॉमध्ये (मुख्य फेऱ्यांत) पहिली मॅच हरलात तर मिळतात १५६ डॉलर. एक मॅच जिंकून दुसरी हरलात तर २५८. पाचच्या पाच मॅच जिंकून ट्रॉफी उचललीत तर २१६०. डॉलर ८५-९० रुपयांच्या घरात धरला तर हे अनुक्रमे तेरा-चौदा हजार, बावीस-तेवीस हजार आणि एक लाख ऐंशी-नव्वद हजार होतात, आणि तेही टॅक्स कापायच्या आधी. हे आकडे आधीच सांगतोय कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. या लेव्हलला फोरहँड सगळ्यांचाच चांगला असतो हो, ७०० नंबरवाला आणि ३०० नंबरवाला शेजारच्या कोर्टवर प्रॅक्टिस करत असतील तर नवख्या माणसाला फरक कळणार पण नाही. फरक पडतो तो कोण कुठे खेळायला जातो, किती आठवडे जातो आणि पैसे संपायच्या आत किती पॉइंट गोळा करतो यात. म्हणून हा लेख स्ट्रोकवर नाही, कॅलेंडर आणि वही यांच्यावर आहे. मुलांच्या टूरचे आकडे जास्त दिलेत, मुलींचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय.

आधी जिना समजून घ्या

सगळ्यात खाली आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, वर्ल्ड टेनिस टूर. मुलांसाठी एम१५ आणि एम२५, मुलींसाठी डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१००. नावातला आकडा म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. त्यावर मुलांची चॅलेंजर टूर, ५० पासून १७५ पर्यंत, आणि मुलींची डब्ल्यूटीए १२५. त्याच्यावर २५०, ५००, १००० आणि चार ग्रँड स्लॅम, जे आपण टीव्हीवर बघतो.

एम१५ चे एटीपी पॉइंट (पुरुषांच्या मुख्य टूरच्या रँकिंगचे) असे: जिंकणाऱ्याला १५, फायनल हरणाऱ्याला ८, सेमीला ४, क्वार्टरला २ आणि मेन ड्रॉची एक मॅच जिंकली तर १. क्वालिफायिंगच्या, म्हणजे मेन ड्रॉमध्ये शिरण्यासाठीच्या, मॅच जिंकून एटीपी पॉइंट मिळत नाही, मेन ड्रॉमध्ये येऊन एक तरी जिंकावीच लागते. मुलींचं अजून एक आहे, तीन वेगवेगळ्या टूर्नामेंटमध्ये पॉइंट मिळाले किंवा एकूण १० पॉइंट झाले तरच डब्ल्यूटीएच्या यादीत नाव लागतं, त्यामुळे एखाद्या मुलीला दोन पॉइंट मिळूनसुद्धा रँकिंग दिसत नाही आणि घरचे गोंधळतात.

आणि पॉइंट कायमचे नसतात. एसटीच्या पाससारखे ते ५२ आठवड्यांनी संपतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात फायनल खेळला असाल तर या वर्षी तो आठवडा घरी बसून घालवायचा नाही, नाहीतर सोमवारी उठून बघाल तर दीडशे नंबर खाली.

पायरी १: कागदपत्रं आणि डेडलाइन

आयटीएफच्या वेबसाइटवर आयपिन (खेळाडूचा नोंदणी नंबर) काढायचा, त्याची वर्षाची फी भरायची. मुलांना वयाची चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत. मुलींना चौदाव्या वर्षी खेळता येतं, पण अठरापर्यंत वर्षाला किती टूर्नामेंट खेळायच्या यावर वयानुसार बंधन असतं, ते आधी तपासा. मग टेनिस इंटिग्रिटीचा (सट्टा आणि फिक्सिंगबद्दलचा) ऑनलाइन कोर्स असतो, तो केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो मुलाने स्वतः करायचा, बाबांनी चहा पिता पिता क्लिक करत संपवायचा नाही. का ते खाली येईलच.

एन्ट्रीची डेडलाइन असते गुरुवारी, टूर्नामेंटचा सोमवार धरून १८ दिवस आधी, जीएमटी दुपारी २ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. नाव मागे घ्यायची डेडलाइन १३ दिवस आधीच्या मंगळवारी, तीच वेळ. मोबाइलवर दर मंगळवार-गुरुवारचा अलार्म लावून टाका. त्यानंतर नाव काढलं किंवा न कळवता गेलाच नाहीत तर दंड लागतो आणि तो थकवला तर पुढच्या एन्ट्रीला अडतं. एकाच आठवड्यात एकापेक्षा जास्त टूर्नामेंटला प्रायॉरिटी लावून नाव देता येतं, ते जरूर द्या, आणि गुरुवारनंतर यादी आली की आपण कुठे आत आहोत, कुठे अल्टरनेट (वेटिंग लिस्टवर) आहोत ते बघून मंगळवारच्या आत ठरवा. अल्टरनेट ३ असाल तर बहुतेक आत येता, अल्टरनेट ३० असाल आणि तरी विमानाचं तिकीट काढलंत तर तो जुगार आहे.

एटीपी रँकिंग नसेल तर आयटीएफचं वेगळं रँकिंग असतं, ते एम१५-एम२५ च्या एन्ट्रीला चालतं. २०१९ मध्ये आयटीएफने प्रयोग केला होता, खालच्या टूर्नामेंटचे एटीपी पॉइंट जवळजवळ काढूनच टाकले, शेकडो पोरांचं रँकिंग एका रात्रीत गायब. एवढा आरडाओरडा झाला की ऑगस्टमध्येच मागे फिरावं लागलं. नियम बदलत राहतात, म्हणून दर जानेवारीत नियमांची पुस्तिका उघडायची सवय ठेवा, कोचच्या भरवशावर राहू नका.

पायरी २: पहिला पॉइंट

इथे घाई करणारे पालक खूप बघितलेत. ज्युनियरमध्ये आयटीएफच्या पहिल्या १०० मध्ये असाल तर एम१५-एम२५ च्या मेन ड्रॉमध्ये राखीव जागा असतात, ती वापरा. नसाल तर क्वालिफायिंग. क्वालिफायिंगला एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटचा मॅच टायब्रेक असतो, म्हणजे दोन खराब सर्व्हिस आणि तुमचा आठवडा संपला. बऱ्याच ठिकाणी चेअर अंपायर पण नसतो, लाइन स्वतःच द्यायची, समोरचा लाइनवर पडलेला बॉल आउट देतो आणि तुमचं डोकं फिरतं. हे सगळं आधी सरावात आणा: महिनाभर क्लबमध्ये फक्त मॅच टायब्रेक खेळायचे, आणि लाइनवरून भांडण झालं तर ऑफिशियलला कसं बोलवायचं ते शिकायचं.

तिसरा रस्ता वाइल्ड कार्डचा, म्हणजे आयोजकांच्या हातातल्या थेट एन्ट्रीचा. भारतात टूर्नामेंट असली की काही वाइल्ड कार्ड इथल्या मुलांना मिळतात, त्यासाठी राष्ट्रीय रँकिंग आणि राज्य संघटनेच्या, आपल्याकडे एमएसएलटीएच्या, टूर्नामेंटमधली कामगिरी उपयोगी पडते. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, सोलापूरला, नवी मुंबईत मुलींच्या आयटीएफ होत आल्यात. मुलीचं घर कोल्हापूर-साताऱ्याला असेल तर पहिली डब्ल्यू टूर्नामेंट खेळायला परदेशात जायची काय गरज आहे?

पायरी ३: कॅलेंडर

हीच खरी मेख. ट्युनिशियात मोनास्तिर नावाचं गाव आहे, समुद्रकाठचं हॉटेल आणि त्याच्या आवारातच कोर्ट, तिथे जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला मुलांची आणि मुलींची १५ ची टूर्नामेंट होते. तुर्कस्तानात अंताल्या आणि इजिप्तमध्ये शर्म अल-शेख, ही पण तशीच ठिकाणं. फायदा असा की एकदा विमानाने गेलात की तीन-चार आठवडे हलायचं नाही, हरलात तर तिथेच प्रॅक्टिस, पुढच्या सोमवारी परत ड्रॉ. तोटा असा की जगातून सगळेच हाच हिशोब करून येतात.

तीन आठवड्यांच्या अशा ट्रिपचा एक ढोबळ हिशोब मांडतो, आकडे अंदाजाचे आहेत, सीझनप्रमाणे खाली-वर होतात. विमान जाऊन-येऊन ६५ हजार. हॉटेल आणि जेवण दिवसाला ५५ युरो धरले तर २१ दिवसांचे एक लाख दहा-पंधरा हजार. एन्ट्री फी आठवड्याला साधारण ४० डॉलर, म्हणजे तीनचे दहा हजार. गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), लाँड्री, टॅक्सी, सिम कार्ड मिळून पंधरा हजार. झाले दोन लाख. आता समजा पोरगा बरा खेळला आणि तिन्ही आठवडे एकेक मॅच जिंकला, तर मिळाले ७७४ डॉलर, सत्तर हजाराच्या आतच, आणि ३ पॉइंट. म्हणजे एक पॉइंट पडला चाळीस हजाराच्या वर. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, पण हा आकडा काढल्याशिवाय जाऊ नका, दर ट्रिपनंतर वहीत लिहा: पॉइंटमागे किती रुपये. वर्षभराने तीच वही सांगते की तुम्ही कुठल्या कोर्टवर, कुठल्या महिन्यात, कुठल्या देशात परवडता.

भारतात एम१५-एम२५ चे आठवडे लागोपाठ लागतात तेव्हा बाकी सगळं सोडून तिथे खेळा. रेल्वेने जाता येतं, खोलीत दोघं राहता येतं, जेवण पोटाला मानवतं. गरमीचा त्रास असेल तर तो युरोपातून आलेल्या पोरांना जास्त होतो, त्याचा फायदा घ्या. जरा वरच्या लेव्हलला असाल तर फेब्रुवारी-मार्चकडे लक्ष ठेवा, २०२४ आणि २०२५ मध्ये चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि दिल्ली अशी चॅलेंजरची रांगच लागली होती, पुण्याची बालेवाडीला.

व्हिसा हा आपल्या पोरांचा वेगळाच वैताग. स्पॅनिश किंवा इटालियन मुलगा गुरुवारी यादी बघतो आणि शनिवारी गाडीत बसून शेजारच्या देशात जातो. आपल्याला शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) महिना-दीड महिना आधी अपॉइंटमेंट, टूर्नामेंटचं पत्र, बँक स्टेटमेंट, आणि मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणून युरोपचा सीझन दोन तुकड्यांत करा, मधे घरी या नाहीतर शेंगेनच्या बाहेरचे आठवडे टाका. मल्टिपल एन्ट्री व्हिसा मागायलाच हवा. हे काम टेनिसचं नाही म्हणून कोणी शिकवत नाही, पण यावरून गेलेले आठवडे इंज्युरीइतकेच महाग पडतात.

पायरी ४: पैसे

आयटीएफने २०१३ च्या आकड्यांचा अभ्यास केला होता. पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर निघाला, तोही कोच न धरता. खर्च आणि बक्षीस बरोबरीला येण्यासाठी पुरुषांना साधारण ३३६ वा आणि बायकांना २५३ वा नंबर लागत होता. आणि त्या वर्षी खेळलेल्या जवळपास निम्म्या खेळाडूंनी बक्षिसाचा एक रुपया पण मिळवला नव्हता. त्यानंतर बक्षिसं थोडी वाढली, विमान आणि हॉटेल त्याहून जास्त वाढले.

सुमित नागल बघा. सप्टेंबर २०२३, नंबर १६० च्या आसपास, भारतातला नंबर एकचा सिंगल्स खेळाडू, २०१९ च्या यूएस ओपनला फेडररकडून पहिला सेट घेतलेला. आणि त्याने सांगितलं की खात्यात ९०० युरो आहेत. वर्षाचा खर्च कोटीच्या घरात, कारण जर्मनीतली अकॅडमी आणि सोबत कोच-फिजिओ. इंडियन ऑइलचा पगार आणि आपल्याकडच्या महा टेनिस फाउंडेशनची मदत होती म्हणून तो टिकून होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफायिंगमधून वर येऊन त्याने ३१ वं सीड (मानांकन) असलेल्या बुब्लिकला हरवलं आणि एका झटक्यात १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर कमावले. फेब्रुवारीत चेन्नई चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात. लोकांना ऑस्ट्रेलियाची मॅच आठवते, मला त्याआधीच्या एप्रिल आणि जुलैमधले रोम आणि तांपेरेचे चॅलेंजर जास्त महत्त्वाचे वाटतात. हिप सर्जरीनंतर पाचशेच्या आसपास घसरलेला माणूस तिथून वर आला.

आता पैसा येतो कुठून ते जरा खोलात:

घर. बहुतेकांचं पहिलं स्पॉन्सर आईबाप, यात लाजायचं काही नाही, पण तीन वर्षांची रक्कम आधी ठरवा आणि घर गहाण टाकू नका. हे अगदी स्पष्ट सांगतो, कारण फ्लॅट विकलेली माणसं या खेळात आहेत.

नोकरी. पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, इन्कम टॅक्स यांची खेळाडू भरती असते. अंकिता रैना, जी पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे घडली, ती ओएनजीसीत आहे. पगार कमी-जास्त असेल, पण दर महिन्याला येतो, आणि पहिल्या राउंडला हरलेल्या आठवड्यात पण येतो.

क्लब मॅच. जर्मनीच्या लीग, फ्रान्सच्या इंटरक्लब, इटलीच्या लीग, यात क्लब परदेशी खेळाडूला मॅचमागे पैसे देतात, कधी राहायला खोली पण. ४०० ते ९०० रँकिंगच्या युरोपियन पोरांचा मोठा आधार हाच आहे. पॉइंट मिळत नाहीत, पण दोन वीकेंड क्लबला खेळून मधल्या आठवड्यांचा खर्च निघाला तर काय वाईट? करार लेखी घ्या, आणि तुमच्या व्हिसावर पैसे घेऊन खेळता येतं का ते विचारून घ्या.

डबल्स. पार्टनर आधी ठरवा, सोमवारी साइन-इनच्या टेबलापाशी शोधत बसू नका. बक्षीस सिंगल्सपेक्षा कमी आणि तेही दोघांत वाटायचं, पण आठवडा लांबतो आणि मॅच मिळतात. पुण्याचा अर्जुन कढे डबल्सवरच पहिल्या शंभरात गेला. रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी डबल्सचा नंबर एक झाला हे खरं, पण त्यावर आपलं बजेट बसवू नका.

अमेरिकन कॉलेज. अठराव्या वर्षी ८०० च्या आत नसाल तर माझं मत सरळ आहे, कॉलेजला जा. स्कॉलरशिप, कोच, फिजिओ, जिम, मॅच सगळं चार वर्षं मिळतं आणि हातात डिग्री येते. कढे ओक्लाहोमा स्टेटला होता, एशियन गेम्सचं मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकलेली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाला असताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं कॉलेजचा चॅम्पियन झाला. फक्त जायच्या आधी घेतलेल्या बक्षिसाच्या रकमेबद्दल कॉलेजचे नियम असतात, म्हणून पैसे घेण्याआधी त्या कॉलेजच्या कोचला विचारा.

टॅक्स. परदेशात बक्षिसातून कापून घेतात, त्याची पावती प्रत्येक टूर्नामेंटला मागून घ्या. भारतात रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो. सीएला मार्चनंतर एकदम पिशवीभर कागद देण्यापेक्षा प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.

पायरी ५: टूर्नामेंटचा आठवडा

शनिवारपर्यंत पोचा, शुक्रवार जमला तर उत्तम. पहिलं काम प्रॅक्टिस कोर्ट बुक करणं, दुसरं हिटिंग पार्टनर शोधणं. कोच बरोबर नसला तर तीन-चार जणांनी मिळून एक कोच आणायचा आणि खर्च वाटून घ्यायचा, हे सर्रास चालतं, फक्त दोघं एकमेकांसमोर आले तर कोच कुठे बसणार ते आधी बोलून घ्या, नाहीतर रुसवेफुगवे.

गट्स घरून न्या. २०० मीटरच्या रीळमधून १६ च्या आसपास रॅकेट होतात. युरोपात एक रॅकेट गटिंगला द्या, १५-२० युरो फक्त मजुरी. काही पोरं लहान मशीनच बरोबर घेऊन फिरतात आणि इतरांची रॅकेट करून जेवणाचे पैसे काढतात, हा मला तरी झकास उद्योग वाटतो.

हरलात तर रात्रभर खोलीत फोन बघत पडू नका, याला कारण आहे. एम१५ च्या मॅचवर पण जगभर सट्टा लागतो आणि हरल्यावर इन्स्टाग्रामवर शिव्या, आईबापांना धमक्या येतात, अगदी १००० च्या पलीकडच्या खेळाडूला पण. मॅचच्या दिवशी मेसेज बंद ठेवा, धमकी आली तर स्क्रीनशॉट काढून टूर्नामेंट सुपरवायझरला द्या.

पायरी ६: सट्टेवाले आणि औषधं

ज्याला पहिल्या राउंडचे १५६ डॉलर मिळतात त्याला कोणीतरी एक सेट हरायचे दोन हजार देतो म्हणतो. सुरुवात कधीच अशी होत नाही, आधी "स्पॉन्सर करतो" म्हणून फॉलो करतात, मग "फक्त एक गेम" म्हणतात. बेल्जियमच्या कोर्टाने २०२३ मध्ये ग्रिगोर सार्गस्यानला पाच वर्षांची शिक्षा दिली, त्याच्या जाळ्यात १८० च्या वर खेळाडू होते, बरेचसे याच खालच्या लेव्हलचे. नियम असा आहे: टेनिसवर कुठेही, कितीही, कसलाही सट्टा लावायचा नाही, हे कोचला पण लागू. आणि ऑफर आली, तुम्ही नाही म्हणालात, तरी आयटीआयएला (टेनिसमधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणारी संस्था) कळवलंच पाहिजे. न कळवणं हाच गुन्हा धरतात. मोठ्या मुलाने काही सांगितलं आणि तुम्ही मित्र म्हणून गप्प बसलात, तरी अडकता.

औषधांचं तसंच. जिममधल्या दादाने दिलेला प्रोटीनचा डबा, गावच्या डॉक्टरचं इंजेक्शन, सर्दीची गोळी, काहीही घ्यायच्या आधी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत तपासा. पोटात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

पायरी ७: चॅलेंजर आणि २५० व्या नंबरचा उंबरठा

३५०-४०० च्या आसपास पोचलात की प्रश्न येतो: एम२५ मध्ये सीड म्हणून खेळायचं की चॅलेंजरच्या क्वालिफायिंगला धडपडायचं? माझ्या मते मिसळून. चॅलेंजरच्या मेन ड्रॉला हॉटेलची खोली मिळते, हा एकच फरक वर्षाचं बजेट बदलतो. पण चार आठवडे लागोपाठ क्वालिफायिंगला हरलात तर मॅच जिंकायची सवय जाते, मग दोन आठवडे खाली येऊन एम२५ खेळा, यात मान जात नाही.

खरी उडी २२०-२४० ला आहे, तिथे ग्रँड स्लॅमच्या क्वालिफायिंगचा कट-ऑफ असतो. २०२४ च्या यूएस ओपनला क्वालिफायिंगच्या पहिल्याच मॅचला हरणाऱ्याला २५ हजार डॉलर मिळाले, म्हणजे एम१५ च्या पहिल्या राउंडच्या १६० पट. वर्षातून चार वेळा हे जमलं की कोचचा पगार सुटला. शिवाय एटीपीने २०२४ पासून बेसलाइन नावाची योजना आणली, पहिल्या १०० ला वर्षाला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख आणि १७६ ते २५० ला ७५ हजार एवढी किमान कमाई त्या वर्षी ठरली होती, कमी पडलं तर फरक एटीपी देणार. म्हणून २६० व्या नंबरवरच्या खेळाडूने कट-ऑफची तारीख बघून उलटं कॅलेंडर मांडायचं: विम्बल्डनच्या यादीसाठी कुठल्या सोमवारचं रँकिंग धरतात, त्याआधी आपले किती पॉइंट उडणार, ते कुठे भरून काढायचे.

सहा महिने किंवा जास्त काळ इंज्युरी असेल तर प्रोटेक्टेड रँकिंगचा (इंज्युरीआधीच्या रँकिंगवर एन्ट्री घ्यायची सोय) अर्ज करा. खूप पोरांना हे माहीतच नसतं आणि ती परत शून्यातून क्वालिफायिंग खेळत बसतात.

पायरी ८: थांबायचं कधी

हे सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, हरलेल्या रात्री ठरवायचं नाही. मी असं मांडेन: २० व्या वर्षी ८०० च्या आत, २२-२३ ला ५०० च्या आत, २५ ला ३०० च्या आत किंवा डबल्समध्ये २०० च्या आत. नसेल तर सहा महिन्यांची एक शेवटची संधी, पूर्ण फिट असताना, चांगल्या कॅलेंडरने. कॉलेजमधून येणाऱ्यांनी यात दोन वर्षं वाढवून घ्यावी. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण असावेत.

मधल्या काळात एक काम चालू ठेवा: आयटीएफचा किंवा एआयटीएचा (भारतीय टेनिस संघटना) कोचिंग कोर्स ऑफ-सीझनला करून टाका. ६०० पर्यंत गेलेल्या माणसाला हिटिंग पार्टनर म्हणून, अकॅडमीत, परदेशी क्लबमध्ये काम मिळतं, आणि सर्टिफिकेट आधीच हातात असेल तर खेळणं थांबवल्यावर पुढच्या महिन्यापासूनच पगार सुरू होतो, वर्षभर घरी बसावं लागत नाही.